मंदावहिनीच्या साध्या गोळ्या

दादाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईला शिलाई मशीनचा पट्टा दाखवत होते. गोंदियाला आमचं मशीनच्या सुट्या सामानाचं आणि लेस-दोऱ्याचं दुकान आहे, आणि लग्नसराईच्या आधी तिथे श्वास घ्यायला फुरसत नसते. "तुह्या वहिनीले घेऊन येऊन राहिलो. रक्ताची उलटी झाली. तिरोड्याच्या डॉक्टरनं गोंदियाले न्या म्हनलं," एवढं बोलून माझ्या मोठ्या भावाने फोन ठेवला. मी त्यांच्या आधी दवाखान्यात पोचले. गाडीतून उतरवलं तेव्हा मंदावहिनीचा चेहरा पांढराफटक होता, साडीचा पदर रक्ताने कडक झाला होता, आणि डोक्याला तिचं नेहमीचं फडकं घट्ट बांधलेलं होतं. आतल्या डॉक्टरांनी दादाला विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू होत्या यांना?" दादा म्हणाला, "काही नाही साहेब, डोक्याच्या साध्या गोळ्या." डॉक्टरांनी विचारलं, रोज घेत होत्या का, किती वर्षांपासून. दादा माझ्याकडे बघू लागला. त्याच्या बायकोच्या गोळ्यांचा हिशेब त्याने मला विचारावा, तोही तेव्हा... थोड्या वेळाने नर्सबाई बाहेर आली. वहिनीच्या डोक्याचं ते फडकं तिने गाठ न सोडता वरच्या वर काढलं होतं, ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, बसून घ्या ताई.

पोटात जखम होती आणि ती आतल्या आत वाहत होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, त्याही उपाशीपोटी, की असं होतं म्हणाले. दादाने मान हलवली. गावी परतल्यावर मात्र सगळ्यांना सांगितलं गेलं ते एवढंच, की अचानक पोटाचं काही झालं. लगेच चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. तिचा धड एकही फोटो घरात नव्हता. होता तो घरच्या अंगणातला, डोक्याला फडकं बांधलेला. फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर ते फडकं पुसून टाकलं आणि तिला गुळगुळीत, कोरं कपाळ दिलं. तिच्या लग्नानंतरची पहिली काही वर्षं सोडली तर असं कपाळ मी कधी पाहिलं नव्हतं. खाली छापलं होतं, सोशिक आणि मनमिळाऊ. तेरवीला जो तो हेच बोलत होता. लय सोसलं बिचारीनं, पण तोंडातून शब्द काढला नाही. मी पंगतीत वाढत होते. हातातलं वरणाचं भांडं कोणाच्या तरी डोक्यात घालावं असं मला वाटत होतं, आणि हे मी आता वर्तमानपत्रात लिहिते आहे याची मला काडीची लाज वाटत नाही.

कारण ती सोशिक नव्हती. तिचे वडील कोहमाऱ्याच्या नाक्यावर धाबा चालवायचे, आणि ती ट्रकवाल्यांच्या हिंदीत वाढली होती. लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा गल्ल्यावर बसणाऱ्या पोरीचा तोरा तिच्यात पुरेपूर होता. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी आमच्या शेतापर्यंत येतं, त्यामुळे घरात धान कमी नव्हता, पण हसणं फार कमी होतं. ते ती घेऊन आली. जेवायला बसलेल्या माझ्या वडिलांना ती एकदा चक्क ड्रायव्हरच्या आवाजात म्हणाली, "उस्ताद, रोटी और लगाऊं क्या?" माझी माय, म्हणजे तिची सासू, तिच्याकडे बघतच राहिली, आणि वडिलांना ठसका लागला. मी तेव्हा कॉलेजात होते. नणंद-भावजयीचं नातं कसं असावं याबद्दल जे काही ऐकलं होतं, ते त्या दिवशी मोडीत निघालं. ती मला बाई म्हणायची, वयाने मी लहान असून. आणि मायच्या पाठीमागे मायची अशी हुबेहूब नक्कल करायची की मी तोंडात ओढणी कोंबून न्हाणीत पळायची.

डोकेदुखी पल्लवीच्या बाळंतपणानंतर सुरू झाली. पल्लवी म्हणजे तिची एकुलती एक पोर. आधी डोळ्यांसमोर काहीतरी चमकायचं, मग डोक्याची एक बाजू ठणकायला लागायची, उलट्या व्हायच्या, उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायचे. मागच्या बाजूला आमची धान ठेवायची खोली आहे. वहिनी त्या खोलीच्या खिडकीला बारदाना ठोकून, फडकं आवळून पडून राहायची. सुरुवातीला महिन्यातून कधीतरी, मग आठवड्याला, आणि पुढे पुढे तर रोजचंच. घरात कोणी तिला वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही, तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. दादाचं तिच्यावर प्रेम होतं. तो तिरोड्याच्या बाजारातून भाजीसोबत डोक्याच्या गोळ्यांचं पाकीट न विसरता आणायचा. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, बांधावर बायका बसायच्या तेव्हा चहासोबत तीच पाकिटं हातोहात फिरायची, एकीने एक काढायची, दुसरीने दोन. त्याला कोणी औषध समजतच नव्हतं. खोकल्याला खडीसाखर चघळावी तसं. आणि माय म्हणायची, "डोस्कं तं मावंही दुखे. कोन मेलं त्यानं?"

मागच्या होळीनंतर मी तिला जबरदस्तीने गोंदियाला आणलं. मेंदूच्या एक डॉक्टरीण बाई आहेत. त्यांनी आधी तासभर ऐकून घेतलं. मग त्या जे म्हणाल्या ते ऐकून वहिनीने पहिल्यांदा मान वर केली. त्या म्हणाल्या, "तुमचं अर्धं दुखणं या गोळ्यांचंच आहे. दुखतं म्हणून घेता, आणि घेता म्हणून पुन्हा दुखतं." या गोळ्या सुटायला हव्यात, आणि दुखणं येऊच नये म्हणून रोज एक वेगळी गोळी घ्यायची, डोकं दुखो की न दुखो. मग त्यांनी समोर पर्याय मांडले. एक बीपीची गोळी असते, ती अर्धशिशीलाही चालते. पण धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत वहिनीला धाप लागायची, दम्यासारखी, म्हणून ती बाद. एक उदासपणाची, तिने झोप चांगली लागते. पण सकाळी उठायला जड जातं. एक मिरगीची, तिने बोटांना मुंग्या येऊ शकतात आणि तोंडाची चव बदलते. "मिरगी तुम्हाला नाही. पण तीच गोळी थोडक्या प्रमाणात अर्धशिशीला रोखते. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, मध्येच सोडायची नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

वहिनीने वांगी निवडावीत तसे त्या गोळ्यांबद्दल प्रश्न विचारले. वजन वाढते का, चुलीजवळ चक्कर येईल का, उपास असला तं चालते का. मग म्हणाली, "झोपेची नको मॅडम. मी उशिरा उठली तं मायी सासू गावभर सांगते. मुंग्या आल्या तं येऊ द्या, मिरगीवाली लिहा." बाहेर येऊन तिने रसाच्या गाडीवर माझ्या पैशाने उसाचा रस प्यायला आणि म्हणाली, "बाई, आपल्याले काय पाहिजे हे मले आज पहिल्यांदा कोनी इचारलं." लग्न ठरलं तेव्हाही तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणाली, फक्त सांगितलं होतं.

पहिले काही आठवडे वाईट गेले. साध्या गोळ्या सोडल्या तेव्हा दुखणं उसळलं, ती फोनवर रडायची, मला शिव्या द्यायची, कोहमाऱ्याच्या नाक्यावरच्या अस्सल शिव्या. मी दुकानात बसून ऐकून घ्यायची. मग हळूहळू फरक पडत गेला. रोवणी सुरू झाली तेव्हा ती दिवसभर चिखलात उभी राहू लागली होती. पोळ्याला मी माहेरी गेले तर धानाच्या खोलीतला बारदाना वर गुंडाळलेला होता आणि खोलीत उजेड होता. बोटांना मुंग्या येत होत्या, चहा फिका लागत होता, त्याची तक्रार ती मोठ्या चवीने करायची. फडकं खुंटीला होतं. मायची नक्कल पुन्हा सुरू झाली होती, आणि मी पुन्हा न्हाणीत पळाले... वय झालं तरी.

मग दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडया भरतात, आज या गावची, उद्या त्या गावची. पाहुणे येतात, दंडारीचे खेळ होतात, मिठाईची दुकानं लागतात, आणि त्या गर्दीत पोरापोरींची लग्नं जमतात. पल्लवीला पाहायला आमगावकडचे लोक मंडईच्या दिवशी यायचे होते. त्याच्या आधी वहिनीची गोळी संपली, म्हणून दादा तिरोड्याला औषधाच्या दुकानात गेला. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "भैया, घर में किसी को मिर्गी है क्या?" हाच दुकानदार इतकी वर्षं पोत्याने साध्या गोळ्या देत होता. तेव्हा त्याने एकदाही विचारलं नव्हतं, की घरात एवढं कोण दुखण्याने तळमळतंय. त्या गिऱ्हाइकांत आमच्या गावचा एक जण होता. संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट पसरली, की त्यांच्या मंदाला फेफरं येते, पोरीलाही असेल.

गोळी त्याच दिवशी बंद झाली. मला हे कळलं मंडई होऊन गेल्यावर, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख सांगायला दादाचा फोन आला तेव्हा. मी विचारलं, वहिनीची गोळी आणली का. तो म्हणाला, "लगन होऊ दे. मंग खाऊ दे तिले जे खाची ते. सध्या साध्या गोळ्यावर भागून राहिलं." मी त्याला म्हटलं, अरे, ती गोळी मिरगीची असली तरी तिला मिरगी नाही. तो म्हणाला, "मले समजते. लोकाईले कोन समजावन?" मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचार, दुसरी गोळी देतील. तर म्हणे, दुसरी म्हणजे ती पागलपणाची ना, मग पोरीची माय पागल आहे म्हणतील. म्हणजे मिरगीची चालत नाही कारण मिरगी नाही, उदासपणाची चालत नाही कारण वेड नाही. आणि जिने पोटाला भोक पडतं ती चालते, कारण तिच्यावर कुठल्याच रोगाचं नाव लिहिलेलं नाही. मी फोनवर एवढी ओरडले की रस्त्यावरची माणसं दुकानात डोकावून गेली. दादाने फोन वहिनीला दिला. ती म्हणाली, "बाई, जाऊ द्या. पोरीचं नाव खराब होते. दोन-चार महिन्याची तं गोष्ट आहे, काढून घेईन."

मला तिचाही राग येतो. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावते. उसाचा रस पिताना जी बाई मला एवढं बोलली, तिनेच ते तोंड आवळून घेतलं, पोरीसाठी. आईने पोरीसाठी मरायला तयार असावं, हे आपण बायकांना इतकं गोड करून शिकवतो की त्या खरंच मरतात, आणि आपण फ्लेक्स लावतो.

मार्गशीर्षात मी तिला शेवटचं भेटले. गुरुवार होता. अंगणात लक्ष्मीचा घट मांडला होता, फळं, हळदीकुंकू, सगळं नीटनेटकं. वहिनी सकाळपासून उपाशी होती, डोक्याला फडकं परत चढलं होतं, आणि चूल पेटवता पेटवता तिने पाकिटातून गोळी काढून कोऱ्या चहाबरोबर गिळली. मी म्हटलं, काही खा तरी. माय ओट्यावरून म्हणाली, "गोळीनं उपास मोडत नाही." वहिनी हसली. म्हणाली, पोटात आग पडते आजकाल, उपासाने पडत असेल. मी म्हटलं, चल माझ्यासोबत, आत्ताच्या आत्ता. तर म्हणे, धान चुरून होऊ द्या, पाहुण्यांना आहेर घ्यायचा आहे, पल्लवीच्या ब्लाऊजला तुमच्या दुकानातून ती सोनेरी लेस आणा. पुढच्या गुरुवारी फोन आला. लेस माझ्या पिशवीतच होती.

तेरवी आटोपल्यावर पल्लवी मला म्हणाली, "आत्या, मावंही दुखते. बारावीपासून." तिने कोणाला सांगितलं नव्हतं. घरात एक डोकेदुखी पुरे होती, असं तिला वाटायचं. मी घरात कोणाला न विचारता तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी लग्न कधी आहे, मुलं कधी हवीत, सगळं विचारलं. आईची गोळी हिला नको म्हणाल्या, पोटात बाळ असताना ती चांगली नाही. हिला दमा नाही, तर बीपीची गोळी बघू. पल्लवीने विचारलं, आई जर ती गोळी घेत राहिली असती तर? डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, साध्या गोळ्या तेवढ्या लागल्या नसत्या.

संक्रांतीनंतर आमगावचे लोक भेटीला आले, पल्लवीची होणारी सासू आणि चुलत सासरे. मी मुद्दाम गेले होते. सगळे पुढच्या खोलीत बसले, तेच ते बोलणं सुरू झालं, लय सोसलं, लय चांगली होती. माय पल्लवीला खुणेनं आत जा म्हणत होती. पल्लवी आत गेली नाही. तिने पाण्याचा ट्रे खाली ठेवला आणि उभ्यानेच बोलली. "मावं डोस्कं दुखते, मावशी. मी रोज बीपीची गोळी खाते. मले बीपी नाही. मायी माय मिरगीची खाये, तिलेही मिरगी नव्हती. तुमाले चालत नसन तं आताच सांगा." दादा उभा राहिला, पुन्हा खाली बसला. मायने पदर तोंडाला लावला. मला पोरीचा असा अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या आईने हे ऐकायला हवं होतं या रागाने ते लगेच सुकलं.

विहीणबाई पल्लवीकडे बघत होत्या. साधी बाई आहे, हातात प्लास्टिकच्या बांगड्या, शेतावरून उठून आल्यासारखी. त्या म्हणाल्या, "यात न चालाचं काय आहे वो? माझ्या मोठ्या पोरीलेही हेच दुखनं आहे. भिंतीवर डोस्कं आपटते ते." मग मायकडे वळून विचारलं, "मंदाबाईले त्या गोळीनं फरक पडला होता ना?" माय हो म्हणाली. "मंग सोडली कायले?"

खोटं नाही सांगत, त्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांच्यापर्यंत गावची गोष्ट गेलीच नव्हती, आणि गेली असती तरी त्या अशाच बोलल्या असत्या. ज्या बाईच्या भीतीने आमच्या घराने औषध बंद केलं, ती बाई समोर बसून मोठ्या पोरीसाठी त्याच औषधाची चौकशी करत होती. मी माझ्या भावाकडे बघत होते आणि मला वाटत होतं, तू सांग, तुझ्या तोंडाने सांग. तो फरशीकडे बघत राहिला. विहीणबाईंनी पल्लवीला जवळ बसवलं आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारला. त्या गेल्यावर माय हळूच म्हणाली, "मंदानं त्याईले आधीच सांगितलं असतं तं झालं असतं." दोष अजूनही तिचाच.

मी उठून धानाच्या खोलीत गेले. या हंगामाचा धान भरला आहे, खिडकीवर बारदाना परत खाली सोडलेला आहे. नर्सबाईने दिलेलं ते फडकं तेरवीच्या वेळी मीच तिथल्या खुंटीला अडकवलं होतं. माय मागून आली आणि म्हणाली, दे, धुऊन ठेवते, गाठ सोड. मी नाही म्हटलं. त्याला हात लावायचा नाही, असं मी माझ्या आईला सांगितलं, आणि असा आवाज मी तिच्यासमोर कधी काढला नव्हता. पल्लवी रोज जेवण झालं की गोळी घेऊन या दारात येते, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहते आणि पाण्याबरोबर गिळते. तिच्या समोर ते फडकं लटकलेलं असतं. त्याची गाठ अजून सुटलेली नाही, आणि वाळलेल्या घामा-रक्ताने कापड आता इतकं ताठ झालं आहे की गोल तसाच उभा राहतो, बरोबर वहिनीच्या डोक्याच्या मापाचा.